कार्ड तपासणारे मामा

माणसानं जगावं कसं आणि मरावं कसं हे सांगणारे पावलोपावली भेटतात. पण मेल्यानंतर माणसानं भिंतीवर दिसावं कसं, याची काळजी उभ्या मराठवाड्यात एकाच माणसानं वाहिली आणि तो माणूस म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणत आलो. वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तयार झालेला पार्ट उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर उजवीकडच्या क्रेटमध्ये, नाही बसला तर डावीकडच्या. निवृत्त होऊन बजाजनगरच्या दोन खोल्यांत विसावले तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. घरी पाहुणा आला की मामा त्याला पाणी द्यायच्या आधी समोरून बघत, मग मान कलती करून डावीकडून बघत, आणि मनातल्या मनात त्याला चौकटीत बसवून, वर हार घालून, खाली उदबत्ती लावून बघत. पाहुणा साठीच्या अलीकडचा असला तर त्यांचा चेहरा जरा पडायचा. पलीकडचा असला तर त्याला हमखास चहा मिळायचा आणि चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचा आग्रह व्हायचा.

या वेडाची सुरुवात त्यांच्या थोरल्या भावापासून झाली. मामांचं गाव अजिंठ्याजवळचं. तिथं राहणारा थोरला भाऊ अचानक गेला, आणि दहाव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली तेव्हा घरात त्याचा एकच फोटो सापडला, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीतला. तोंडात जिलबीचा घास होता. स्टुडिओवाल्यानं बाकीची पंगत कापून टाकली, पण गाल काही त्याला खाली करता आला नाही. तेव्हापासून आजतागायत तो भाऊ भिंतीवर एक गाल फुगवून बसलेला आहे. ‘जन्मात कुणापुढं मान तुकवली नाय त्यानं,’ मामा सांगायचे, ‘आन आता येणारं-जाणारं पोरगं इचारतंय, आजोबाची दाढ दुखती का म्हणून.’ त्यात भर म्हणजे चौकाचौकांत लागणारे श्रद्धांजलीचे फ्लेक्स. गेलेला माणूस कधी गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला, तर कधी आधार कार्डावरून उचललेला, म्हणजे पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा. असा फ्लेक्स दिसला की मामा स्कूटर कडेला लावून खाली उभे राहायचे, आणि गेलेल्याच्या घरचं कुणी भेटलं तर सांत्वनाचे दोन शब्द बोलायच्या आधी म्हणायचे, ‘फोटो रिजेक्ट हाय.’ दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं ते यामुळंच.

मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं ड्रोन घेतला आणि त्याचा जुना डिजिटल कॅमेरा मामांच्या गळ्यात आला. पण म्हाताऱ्या माणसाला ‘तुम्ही गेल्यावर लागेल, म्हणून फोटो काढतो’ असं तोंडावर सांगायचं कसं? मामांनी तोड काढली. दारात उभं राहून ते म्हणायचे, ‘जरा बसता का खुर्चीवर? मेमरीचं नवीन कार्ड आलंय. तपासायचंय.’ पहिल्या एकदोघांना ते खरं वाटलं. पुढं सगळ्या गल्लीला कळलं, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही. मामा कार्ड तपासायला आले म्हटलं की म्हातारा ‘थांबा जरा’ म्हणून आत जायचा आणि दाढी करून, ठेवणीतली टोपी घालून बाहेर यायचा. सून सासऱ्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लावून द्यायची आणि त्या वेळी कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. ‘झालं का तपासून?’ म्हातारा विचारायचा. ‘पास हाय,’ मामा म्हणायचे. एवढ्यावर भागायचं. घरातल्या मरणाविषयी इतकं कमी आणि इतकं नीट बोलणारी माणसं मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत.

पडेगावच्या पुढं मेंढरं राखणारे एक आजोबा होते. ते बसायला तयार झाले, पण एकटे बसेनात. ‘हिला बी बसव,’ म्हणाले, आणि एक शेळी शेजारी उभी केली. मामांनी दोघांचा फोटो काढला. वर्षभरानं आजोबा गेले. पोरं फोटो न्यायला आली आणि म्हणाली, काका, शेळी तेवढी काढून टाका. मामा अडून बसले. ‘त्यांनी बसवली, मी काढनारा कोन?’ शेवटी तडजोड झाली. आजही त्या घरात आजोबांच्या खांद्यामागून शेळीचा एक कान वर आलेला दिसतो. दुसरा किस्सा ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या आमच्याच भागातल्या एका उमेदवाराचा. त्यानं हौसेनं प्रचाराचा फोटो मामांकडून काढून घेतला आणि कार्ड परस्पर फ्लेक्सवाल्याकडं नेलं. मामांना सवय एकाच तऱ्हेच्या फोटोची. चेहऱ्यावर असा काही शांत, सगळं सोडून दिल्याचा भाव आला की फ्लेक्स लागल्यावर लोक चपला काढून नमस्कार करायला लागले. एका बाईनं तर घरी जाऊन त्याच्या बायकोच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. तो पडला. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. ‘इलेक्शन गेलं तं गेलं,’ ते म्हणाले, ‘पुढचं काम झालं त्याचं.’

मामांचे काही नियम होते आणि ते कारखान्याच्या नियमांहून कडक होते. फोटो मिटवायचा नाही. डोळे मिटलेले आले, मान हलली, मागून कुत्रं गेलं, तरी नाही. ‘मानूस काय पाटीवरचा पाढा हाय का पुसायला?’ कॉम्प्युटरवर ठेवायचा नाही, कारण माझ्या लॅपटॉपला एकदा व्हायरस झाला होता आणि कार्डाला झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक कार्ड औषधांच्या दुकानात गोळ्या देतात तसल्या कागदी पुडीत घालून, वर वाडी-वस्तीचं नाव लिहून, स्टीलच्या पानाच्या डब्यात ठेवलेलं असे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ज्याचा फोटो काढला, तो माणूस हयात असेपर्यंत फोटो उघडून बघायचा नाही. ‘जित्या मानसाला बघावं, त्याच्या फोटोला काय बघायचं? वेळ आली की बघू.’ तसं बघणं त्यांना अपशकुन वाटे. फोटो काढून झाला की ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चक्क हात ठेवत. म्हणजे उभं आयुष्य तपासणी खात्यात काढलेला आणि गावभर कार्ड तपासत फिरणारा हा माणूस कार्ड म्हणून कधी तपासतच नव्हता. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

फोटो मिटवायचे नाहीत म्हटल्यावर कार्डं भरत आणि नवी लागत. दुकानात ती महाग पडतात म्हणून ऑनलाइन मागवायची, आणि मामांचा फोन बटणांचा, म्हणून ती माझ्या फोनवरून मागवायची. रविवारी सकाळी मामा पडेगावला माझ्या घरी येत, चष्मा पुसत, माझ्या शेजारी सोफ्यावर बसत आणि फोनमध्ये असं डोकं घालत की मला माझाच फोन दिसत नसे. मी पहिल्या चार-पाच कार्डांपैकी एखादं दाखवलं की म्हणत, ‘खाली जा. चांगलं वर ठिवलेलं आसतंय, स्वस्त खाली आसतंय. आजून खाली जा.’ असं खाली जाता जाता आम्ही अशा ठिकाणी पोचायचो जिथं कंपनीच्या नावात तीन-तीन व्यंजनं सलग असायची. सेल लागला की त्यांचा उत्साह बघावा. आत्या म्हणायची, ‘लगीन ठरलं तव्हा आमच्या दारात आले नव्हते येवढ्या घाईनं, तेवढ्या घाईनं कार्ड घ्यायला चाललेत.’ पार्सल आलं की मामा ते सहीनिशी घ्यायचे, हातानं वजन करायचे, कानाशी हलवून बघायचे, आणि त्याच दिवशी मला फोन करून अभिप्राय लिहायला सांगायचे. मी त्यांच्या वतीनं पाच तारे देऊन लिहिलेले कितीतरी अभिप्राय अजून तिथं असतील. ‘कार्ड आले. डबी मजबूत आहे. आणणारा मुलगा नम्र होता.’

दीड-दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी खाली जाता जाता आम्हाला ते कार्ड सापडलं. नेहमीच्या कार्डांच्या कितीतरी पट मोठं आणि किंमत त्यांच्याहून कमी. मामा चष्मा वर सारून बघायला लागले. ‘हे घे. सगळं गाव बसंल ह्याच्यात, वर पाव्हणे बी.’ मी अभिप्राय वाचायला खाली गेलो. पुष्कळांनी मामांसारखंच डबीचं कौतुक केलं होतं. मधेच एकानं हिंदीत लिहिलं होतं, घेऊ नका, दोन महिन्यांनी जुने फोटो उघडत नाहीत. ते मी वाचलं. स्पष्ट आठवतंय, वाचलं आणि बोट वर सरकवलं. मामा खूश होते, स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास येत होता, आणि आता नको म्हटलं तर पुन्हा तासभर खाली जावं लागलं असतं. असल्या कारणासाठी मी गप्प बसलो. यापेक्षा बरं कारण माझ्याकडं नाही.

आत्याबद्दल आता सांगायला हवं. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघंच. साऱ्या पंचक्रोशीला खुर्चीवर बसवणाऱ्या मामांना बायकोला मात्र एकदाही बसवता आलं नव्हतं. कॅमेरा बाहेर निघाला की आत्या मोरीत जायची, गच्चीवर जायची, काही नाही तर तोंडावर पदर घ्यायची. तिला माहीत होतं ना, हा माणूस कशासाठी फोटो काढतो ते. ‘माझ्यावर नाय तपासायचं,’ ती म्हणायची. ‘लोकाच्या म्हाताऱ्यावर तपासा.’ ही सवय इतकी मुरली की कुणी मोबाईल वर धरला तरी ती तोंड फिरवायची. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचे, बारशाचे फोटो काढून बघा, आत्या आहे, पण पाठमोरी आहे, नाही तर वाढायला वाकलेली आहे, नाही तर दुसऱ्याच्या पोराला कडेवर घेऊन त्याच्याआड लपलेली आहे. मामा चिडायचे. ‘गावाचं भागवतो मी, आन घरात ठनठन गोपाळ.’ ती हसायची आणि विषय तिथंच संपायचा.

ते मोठं कार्ड आलं त्याच आठवड्यात आत्याचे रिपोर्ट आले. पोटात गाठ होती आणि ती पुष्कळ पसरली होती. डॉक्टर मामांना बाजूला घेऊन बोलायला लागले तर आत्या म्हणाली, ‘इथंच बोला, मला बी ऐकू द्या.’ तिनं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं मला थांबवून ठेवलं, दुपारची झोप काढली, आणि उठून वेणीफणी केली. हिरव्या काठाचं इरकल नेसून ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा मामा खाटेवर बसून रिपोर्टाची पिशवी घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते. ‘आवो,’ ती म्हणाली, ‘कार्ड आलंय नव्हं नवीन? तपासायचं नाय का?’

मामा उठेनात. मग उठले. कॅमेरा काढायला त्यांना इतका वेळ लागला की शेवटी कपाटाचं दार मीच उघडून दिलं. भिंतीचा रंग उडालेला, म्हणून मामांनी मला पांढरी चादर धरून आत्याच्या खुर्चीमागं उभं केलं. मी दोन्ही हात वर करून उभा. मला समोर दिसत होती फक्त चादर, आणि तिच्या वरच्या कडेवरून मामांचं टक्कल. आत्या मात्र एखाद्या पोरीला दाखवायला बसवावं तशी प्रश्न विचारत होती. हात कुठं ठिवू? मांडीवर ठेव. चष्मा काढू का? राहू दे. ‘हसू का?’ ‘तुझं तू बघ,’ मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी चादर खाली करून बघणार होतो. पण चादर हलली तर फोटो बिघडेल म्हणून तसाच उभा राहिलो. खटखट बरेच फोटो निघाले. मग आत्याचा आवाज आला, ‘झालं का तपासून?’ चादरीवरून दिसणारं टक्कल जरा खाली झुकलं. ‘पास हाय,’ मामा म्हणाले. नव्या कार्डावर पहिला मान तिचा, असं त्यांनी मला जाताना जिन्यात सांगितलं. त्या दुःखातही त्यांना कसलं तरी समाधान वाटत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

पुढचे चार-पाच महिने दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. मामांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. अजिंठ्याकडं गावात सप्ता बसला आणि बोलावणं आलं तेव्हाही ते नाही म्हणाले. आत्यानंच त्यांना हाकललं. ‘सगळे म्हातारे येका जागी घावतेत सप्त्यात. वाट बघत आसतील तुमची. जा, मी काय लगी चालले नाय.’ माझी बायको दोन दिवस तिच्याजवळ राहिली आणि मामा गावाला गेले. तिथं त्यांनी कोंडून ठेवलेली सगळी हौस भागवली. गावातले म्हातारे, आजूबाजूच्या वस्त्यांवरचे म्हातारे, वाढपी, टाळकरी, सगळे बसवले. चुलतभावाच्या कीर्तनाचा तर पुरता व्हिडिओ काढला. एरवी व्हिडिओला जागा पुरायची नाही म्हणून ते काढत नसत, पण आता कार्ड मोठं होतं. परत आले तेव्हा बऱ्याच दिवसांनी जरा हसरे दिसत होते. ‘भरतच नाय रे,’ मला म्हणाले. ‘किती बी काढ, जागा हायेच.’ आत्या पडल्या पडल्या एकेका म्हाताऱ्याची चौकशी करत होती.

त्यानंतर महिनाभरानं आत्या गेली. सकाळची वेळ होती, मामांनी तिला चमच्यानं चहा पाजला, बशी ठेवून वळले आणि ती गेली. माणसं जमली, सगळं रीतीप्रमाणं झालं. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मामांनी आंघोळ केली, कॅमेरा काढला आणि माझ्या हातात दिला. ‘बघ आता. बघायला हरकत नाय.’ मी चालू केला. एकामागून एक अंक येत होते, कॅमेरा फोटोंची संख्या बरोबर दाखवत होता, पण फोटोच्या जागी काळा चौकोन आणि मधोमध प्रश्नचिन्ह. पुढं गेलो. काळा चौकोन. आणखी पुढं गेलो तेव्हा एकदम सप्त्यातला मांडव आला, ऊन आलं, दात नसलेला एक म्हातारा लख्ख आला. सगळे म्हातारे आले. मी परत मागं आलो. त्या रविवारी सकाळी वाचलेली हिंदीतली ओळ मला अक्षरशः दिसायला लागली. मामा समोर बसून माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. ‘चांगला आलाय का?’ त्यांनी विचारलं.

शहरात एक दुकानदार असले गेलेले फोटो काढून देतो असं कळलं. मामांना स्कूटरवर मागं बसवून मी गेलो. खरं तर त्या दिवसांत त्यांनी घराबाहेर पडायचं नव्हतं, पण ते ऐकेनात. दुकानदार तरुण होता. त्यानं कार्ड मशीनला लावलं, दहा मिनिटं बघितलं आणि मामांच्या पांढऱ्या दाढीकडं बघून आवाज खाली आणला. ‘चचा, उप्पर लिखेला एक है, अंदर का माल दूसरा है, जगा भोत कम है. भर गया ना, तो नवा फोटो पुराने के उप्पर जाके बैठता. जो पैले निकाले, वोच पैले गये.’ मामांनी ते नीट ऐकून घेतलं. यंत्राचं दुखणं त्यांना चटकन कळायचं. ‘म्हंजी,’ ते मला म्हणाले, ‘सप्त्याला गेलो नसतो तर ऱ्हायली आसती.’ त्यांनी मशीनमधल्या कार्डाकडं बोट केलं. ‘मीच बसवले रे तिच्यावर. येकेक करून. आख्खं गाव बसवलं.’ दुकानदारानं उगीचच काउंटर पुसायला घेतलं. तो म्हणाला, कार्ड ठेवून जा, रात्रंदिवस मशीन लावतो, काही सापडलं तर सांगतो.

खाली स्कूटरपाशी आल्यावर मी मामांना सांगून टाकलं. म्हटलं, मामा, त्या कार्डाबद्दल एकानं लिहिलं होतं, फोटो उघडत नाहीत म्हणून. मी वाचलं होतं. तुम्हाला बोललो नाही. मला वाटलं ते ओरडतील, निदान बोलणं टाकतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते हँडलवरचं माझं हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. ‘आन मी काय लिव्हलं व्हतं तिथं?’ त्यांनी विचारलं. मला आठवत होतं. कार्ड आले, डबी मजबूत आहे. ‘ते वाचून आजून चारजनांनी घेतलं आसंल,’ मामा म्हणाले. ‘त्यांच्या घरचे कोन आसतील त्याच्यात?’ मग ते मागं बसले. मामांच्या घराजवळच्या चौकात गल्लीतल्या पोरांनी आत्याचा फ्लेक्स लावला होता, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून. मी स्कूटर हळू केली नाही आणि मामांनी वर बघितलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. एक फोटो निघाला होता, पण पुरा नव्हता. वरचा भाग स्वच्छ होता. पांढरी चादर, चादरीच्या दोन्ही टोकांना माझी बोटं, मग आत्याचे केस, सरळ काढलेला भांग, कपाळ, कपाळावरचं कुंकू, आणि भुवया सुरू होतात तिथं एक सरळ रेघ. रेघेच्या खाली सगळं राखाडी. मी मामांना म्हटलं, आधारचाच लावू, स्टुडिओवाला जरा साफसूफ करून देईल. मामांनी ऐकलं नाही. तोच फोटो त्यांनी मोठा करवला, काच घालून चौकट करून घेतली आणि दहाव्याला पाटावर ठेवला. आलेली माणसं पुढं यायची, चौकटीकडं बघायची आणि जराशी थबकायची. आत्या खुर्चीवर कधी बसली नाही म्हणून हसणाऱ्या बायका होत्या त्यात; त्याही थबकल्या. गल्लीतल्या एका म्हातारीनं, जिचा स्वतःचा फोटो मामांच्या डब्यात कुठल्या तरी पुडीत आहे, हार पुढं आणला आणि तो असा घातला की राखाडी भाग फुलांनी झाकून गेला. वर नुसतं कपाळ राहिलं. मला त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले.

हार दुसऱ्या दिवशी सुकला. मामा आता कुणाकडं कार्ड तपासायला जात नाहीत. म्हातारे अधूनमधून निरोप पाठवतात, एकदोघं तर दाढी करून स्वतःच येऊन खुर्चीवर बसतात, चहा घेतात आणि निघून जातात. मी रविवारी त्यांच्याकडं जातो. डब्यातल्या बाकीच्या पुड्या मी त्यांना न विचारता लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. त्यांना कळलंय, पण त्यांनी अडवलं नाही. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि मी उठायला लागलो की मामा त्या चौकटीसमोर जाऊन उभे राहतात, काचेवर धूळ नसताना पंच्यानं काच पुसतात आणि रेघेखालच्या राखाडी भागावर बोट ठेवतात. ‘इथं हसतीय बरं का ती,’ ते मला सांगतात. ‘आधी नव्हती हसत. मंग हसली.’ मी हो म्हणतो. खरं-खोटं मला काय माहीत? त्या दुपारी मी तिच्या मागं चादर धरून उभा होतो; तिच्यासमोर मामा एकटेच होते.